पिपाणीच्या खिशातली डबी

मी एक जुनी पत्र्याची डबी आहे. तळहातावर मावेन एवढी, कडा झिजलेली, बिजागरीपाशी जरा पोचा आलेली. माझ्या झाकणावर एक पक्षी काढलेला आहे. तो हंस आहे की बदक, यावर घरात अजून एकमत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते ठाऊक नाही. मित्रांनो, आपल्याच डोक्यावर काय काढलंय हे जिला माहीत नाही, तिच्याकडून तुम्ही फार शहाणपणाची अपेक्षा करू नका. पण माझ्या बाबतीत जे घडलं ते मला कुणाला तरी सांगायचं आहे. मी भलं केलं की वाईट, हा गोंधळ माझ्या डोक्यातून काही केल्या जात नाही. तुम्ही ऐका आणि जमलं तर तुम्हीच ठरवा.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. तिथे एवढा खणखणाट असतो की जन्मल्याबरोबर रडलेलं कुणाला ऐकू जात नाही. एका दणक्यात माझा तळ झाला, दुसऱ्या दणक्यात झाकण, आणि मग कुणीतरी दोन्हींना एका बारीक तारेनं जन्माचं जखडून टाकलं. माझ्यात खोकल्याच्या गोळ्या भरल्या आणि औषधांच्या दुकानात, काचेमागे, माझ्या बहिणींच्या रांगेत मला बसवलं.

तिथून मला एका तरुण गायकानं विकत घेतलं. त्या दिवशी त्याचा पहिलाच कार्यक्रम होता आणि भीतीनं त्याच्या घशाला कोरड पडली होती. निम्म्या गोळ्या त्यानं रंगमंचावर जायच्या आधीच फस्त केल्या. उरलेल्या संपल्यावर खरं तर मला कचऱ्यातच जायचं, पण कार्यक्रम चांगला झाला होता आणि गाणारी माणसं अशा बाबतीत भारी भाबडी असतात. त्यानं मला ठेवून घेतलं आणि माझ्यात ज्येष्ठमधाचे तुकडे भरले. तुम्ही ज्येष्ठमध चघळला आहे का? दिसायला वाळकी काडी, पण जिभेवर ठेवली की हळूहळू गोडवा सुटतो आणि घसा मऊ होतो. तो तरुण म्हणजेच पुढे मुलांचा गायनवर्ग चालवणारे आणि आता सगळ्या गल्लीचे झालेले आजोबा.

आजोबांच्या कोटाच्या आतल्या खिशात माझी उमेदीची वर्षं गेली. आजोबांचा एक नियम होता. समोरच्याचा घसा बसलेला दिसला तर आधी त्याच्यापुढे डबी धरायची, मग आपण तुकडा घ्यायचा. त्यामुळे मी किती जणांपुढे उघडले, सांगता येणार नाही. घाबरलेल्या मुली, सर्दी झालेले तबलजी, एकदा तर भाषण करून करून आवाज गेलेले एक पाहुणे. सगळे एक तुकडा तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, "वा! बरं वाटलं." इतकं ऐकल्यावर कुणाला वाटणार नाही, की आपण भली वस्तू आहोत? मला तर तसंच वाटत होतं.

मग दिवस पालटले. आजोबांनी काचेची मोठी बरणी आणून गायनवर्गाच्या खोलीतल्या पियानोवर ठेवली आणि जाता-येता तिच्यातूनच तुकडे उचलायला लागले. मला कुणी विचारेना. माझी रवानगी खालच्या मजल्यावर झाली. तिथे आजोबांच्या सुनेचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. बाह्या आखूड करणं, बिघडलेल्या चेन बदलणं, कमरेला दोन बोटं सैल सोडणं, असली कामं ती दिवसभर करते. तिनं माझ्यात शर्टाची बटणं भरली. बटणं स्वभावानं वाईट नसतात, पण त्यांच्याशी बोलणार काय? मी शिवणयंत्राच्या फळीवर पडून राहिले आणि मशीनची घरघर ऐकत म्हातारी झाले.

अशी किती वर्षं गेली कोण जाणे. एक दिवस आजोबा खाली आले आणि त्यांनी मला सरळ टेबलावर उपडं केलं. बटणं टणाटणा उड्या मारत चहूकडे पळाली.

"अण्णा! अहो, रंगांप्रमाणे लावली होती मी ती!" सून ओरडली. घरातली मोठी माणसं आजोबांना अण्णाच म्हणतात.

"बटणांना दुसरा डबा शोध. हिला आता काम आहे," आजोबा म्हणाले. त्यांनी मला धुतलं, पुसलं, ज्येष्ठमधानं काठोकाठ भरलं आणि नातवाच्या शर्टाच्या खिशात ठेवलं.

सुनेच्या या मुलाचं घरातलं नाव पिपाणी. लहानपणी त्याचा आवाज इतका बारीक आणि टोकदार होता की आत्यानं त्याला हे नाव चिकटवलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. तो गायला लागला की वरच्या पट्टीत अगदी सरळ रेघ ओढल्यासारखा सूर लागायचा. आजोबांच्या गायनवर्गाच्या वार्षिक कार्यक्रमात सगळ्या मुलांनी मिळून गायचं एक गाणं होतं. त्यात मधे बाकीचे गप्प होतात आणि एकच जण वरच्या सुरात गातो. ती जागा पिपाणीला मिळाली होती. आजोबांनी आयुष्यभर मुलं शिकवली, पण घरचा मुलगा त्या जागी उभा राहिला नव्हता. पिपाणीच्या बाबांना सूर म्हणजे काय हे आजतागायत कळलेलं नाही. ते वेफर्सच्या कारखान्यात कामाला आहेत आणि त्यांना मशीनचा तेवढा ताल कळतो. म्हणून आजोबांचा सगळा जीव नातवात होता.

"गायच्या आधी एक तुकडा. आवाज जप हो," आजोबांनी त्याला बजावलं.

मित्रांनो, पुन्हा कुणाच्या तरी छातीवरच्या खिशात बसायला मिळालं म्हणून मला किती आनंद झाला, काय सांगू! खिशात अंधार असतो, पण ऐकायला सगळं येतं आणि कड जरा वर आली की थोडंफार दिसतंही. मला पिपाणीचं काळीज ऐकू यायचं. ते एका लयीत चालायचं आणि मी त्याच्याबरोबर हलकेच वाजायचे.

पहिला घोटाळा तालमीत झाला. पिपाणी त्याच्या जागेपर्यंत आला, त्यानं श्वास घेतला, आणि वरच्या सुरावर आवाज एकदम चिरकला. कोंबडीच्या पायावर पाय पडावा तसा काहीतरी ध्वनी निघाला. मुलं फिदीफिदी हसली. आजोबा हसले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "पुन्हा." पुन्हा सूर बरोबर लागला. पण तालीम संपल्यावर पिपाणी सभागृहाच्या मागच्या जिन्यात गेला आणि त्यानं मला उघडून एकदम दोन तुकडे तोंडात टाकले.

त्या दिवसापासून माझं झाकण सारखं उघडायला लागलं. वर्गात, रस्त्यात, अभ्यास करताना, दात घासून झाल्यावरसुद्धा. आवाज अधूनमधून चिरकतच होता. चिरकला की तो आणखी एक तुकडा घ्यायचा, नाही चिरकला तर तुकड्यामुळेच वाचलो असं समजून आणखी एक घ्यायचा. म्हणजे छापा पडला तरी ज्येष्ठमध, काटा पडला तरी ज्येष्ठमध. मी रिकामी झाले की तो काष्ठौषधींच्या दुकानात जायचा. दुकानदार न विचारताच पुडी बांधून द्यायचा. आजोबांनीच मागवला असणार, असं त्याला वाटायचं. मला तर धन्य वाटत होतं. इतकी मागणी मला उमेदीच्या काळातही नव्हती!

मग काही विचित्र गोष्टी घडायला लागल्या. त्या तेव्हा मला एकमेकींना जोडता आल्या नाहीत, आणि कुणालाच आल्या नाहीत. पिपाणीला माझं झाकण उघडताना जोर लावावा लागायला लागला. मला वाटलं, मीच गंजले. म्हातारपण, दुसरं काय! जिना चढताना तो मधेच थांबून मांडी चोळायचा. आजोबा म्हणाले, "आजकालची मुलं आळशी." त्याचे बूट घट्ट व्हायला लागले आणि पाय सुजल्यासारखे दिसायला लागले. आत्या म्हणाली, "वाढतं वय आहे, पाय मोठे होणारच." डोकं दुखायला लागलं, तर आई म्हणाली, "चष्मा लागलाय." प्रत्येक गोष्टीला कुणी ना कुणी नाव देऊन मोकळं होत होतं. फक्त काळजाचे ठोके मला पूर्वीपेक्षा दणकट वाटायला लागले. मी मनात म्हटलं, मुलगा तगडा होतोय.

शाळेत मुलांची तपासणी होती. डोळे, दात, वजन झालं. मग नर्सबाईंनी पिपाणीच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला. पुन्हा गुंडाळला. त्याला थोडा वेळ शांत बसवून, दुसऱ्या दंडाला गुंडाळून पुन्हा पाहिलं. मग त्यांनी दुकानात फोन लावला.

"बीपी?" आईचा फोनवरचा आवाज खिशातल्या मलाही ऐकू आला. "अहो बाई, तेरा वर्षांचा आहे तो! बीपी माझ्या सासऱ्यांना आहे. तुम्ही चुकून दुसऱ्या कुणाचं वाचलंत का?"

चुकून वाचलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी घरात जी काय जुंपली! आत्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करते आणि तिला कुठल्याही बिघाडाचं कारण लगेच सांगायची सवय आहे.

"दादा, हे तुझे वेफर्स," ती म्हणाली. "पुडेच्या पुडे आणतोस घरी. मीठ किती असतं त्यात!"

"आणि तू दिलेला फोन? उशीखाली घेऊन झोपतो तो. झोप कुठे होते पोराची?" बाबांनी उलट विचारलं.

"मुलाला मैदान माहीत नाही. शाळा, क्लास, तालीम. खेळतो कधी?" आत्यानं तोफ वहिनीकडे वळवली.

आई भांडली नाही. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मीच त्याच्या अभ्यासामागे हात धुऊन लागले होते. सारखी बोलायचे."

शेवटी आजोबांनी पियानोचं झाकण धाडकन बंद केलं. "कुणी कुणाला बोल लावू नका. माझ्याच रक्तातून आलंय ते. मला आहे, त्याला झालं."

मित्रांनो, माझी अवस्था तुम्हाला कशी सांगू? आत्याचं ऐकलं की मिठाचं पटायचं, बाबांचं ऐकलं की फोनचं, आईचं ऐकलं की अभ्यासाचं. ज्याचं ऐकावं त्याचंच खरं. पिपाणी मात्र कोपऱ्यात बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. आपल्यामुळे घर भांडतंय, एवढंच त्याला समजत होतं. त्यानं मला उघडलं आणि गालात एक तुकडा सरकवला.

दुसऱ्या दिवसापासून वेफर्स बंद झाले. जेवण अळणी झालं. फोन आत्याच्या कपाटात गेला. आईनं त्याला अभ्यासावरून बोलणं सोडलं, आणि आई बोलत नाही म्हटल्यावर तो आणखीच घाबरला. आजोबा म्हणाले, "सगळंच काढून घेतलंत बिचाऱ्याचं. ज्येष्ठमध तेवढा राहू दे. औषधी आहे." यावर सगळ्यांनी मान डोलावली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला काय ठाऊक? मी तर खूश झाले. संकटकाळात घराचा विश्वास आपल्यावरच आहे, असं वाटून माझी छाती फुगली.

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई फार बारकाईनं बघणाऱ्या होत्या. त्यांनी दंडाचं माप घेऊन त्याच्या बेताचा पट्टा निवडला. नंतर मांडीलाही गुंडाळला. मला खिशात बसून वाटलं, यांना बीपी कुठे असतं हेच माहीत नाही वाटतं! पण त्यांनी आईला नीट समजावलं. काही मुलांच्या हृदयातून निघणारी मोठी नळी अरुंद असते, मग हातात दाब जास्त आणि पायात कमी लागतो, म्हणून दोन्हीकडे बघायचं. याच्या बाबतीत तसं नव्हतं.

"मोठ्या मुलांमध्ये वजन, मीठ, बसून राहणं, अपुरी झोप, घरातलं कुणाचं तरी बीपी, ही कारणं पुष्कळदा असतात," त्या म्हणाल्या. "पण हा काडीसारखा आहे आणि आकडे मोठे आहेत. अशा वेळी आम्ही आधी मूत्रपिंडं बघतो. शिवाय कधी ग्रंथींचा दोष असतो, कधी एखाद्या औषधाचा परिणाम. काही औषध चालू आहे का?"

"नाही," आई म्हणाली.

"तू स्वतः काही घेतोस का रे? ताकदीची पावडर, गोळ्या?"

"नाही," पिपाणी म्हणाला.

"खाणं?"

आईनं सकाळपासून रात्रीपर्यंतचं सगळं सांगितलं. वेफर्सची कबुलीही दिली. मी खिशातच होते, डॉक्टरीणबाईंपासून हातभर अंतरावर. माझ्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. त्यात लबाडी कुणाचीच नव्हती. रक्त आणि लघवी तपासायला दिली, सोनोग्राफी झाली आणि आम्ही घरी आलो.

पुढच्या खेपेला आजोबाही आले. दवाखान्यात गर्दी होती आणि डॉक्टरीणबाईंचा आवाज बोलून बोलून पार बसला होता. त्यांनी सगळे कागद समोर पसरले.

"मूत्रपिंडं चांगली आहेत. हृदयही ठीक आहे," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "पण रक्तातलं पोटॅशियम फार उतरलंय. पायात गोळे येतात, जिना चढवत नाही, ते त्यामुळेच. बीपी मात्र आणखी चढलंय. पोटॅशियम जातंय कुठे, हे मला उलगडत नाही. आजच मोठ्या हॉस्पिटलात भरती करूया. मूत्रपिंडावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, तिथे गाठ नाही ना हे बघावं लागेल."

गाठ हा शब्द ऐकल्यावर आईनं पदराचं टोक मुठीत धरलं. बाबा उगाचच खुर्ची मागे सरकवून पुन्हा पुढे घेऊन बसले.

"आणि कार्यक्रम?" पिपाणीनं विचारलं.

माझ्या पाठीवर त्याचं काळीज असं काही आपटत होतं की आतले तुकडे खुळखुळायला लागले. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंना खोकल्याची उबळ आली. थांबेचना. आणि मग पिपाणीचा हात खिशात आला. त्यानं मला बाहेर काढलं, दोन्ही अंगठे लावून कसंबसं झाकण उघडलं आणि मला टेबलापलीकडे धरलं.

"घ्या," तो म्हणाला. "घशाला बरं वाटेल."

स्वतःच्या जिवाची धाकधूक चाललेली असताना आजोबांचा नियम त्याच्या हातानं पाळला. डॉक्टरीणबाईंनी हसून तुकडा उचलला, जिभेवर ठेवला. मग त्यांचं हसू थांबलं. त्यांनी तुकडा तोंडातून काढून उजेडात धरला.

"हा ज्येष्ठमध आहे ना?"

"अस्सल आहे," आजोबा अभिमानानं म्हणाले. "गायकाचं घर आहे आमचं. गायच्या आधी एक तुकडा घेतो तो."

"मी त्याला विचारतेय. किती खातोस, बाळा?"

पिपाणी माझ्याकडे बघायला लागला. मी तरी काय सांगणार होते?

"दिवसभर," तो म्हणाला. "तोंडात असतोच."

"कधीपासून?"

"यंदाची शाळा सुरू झाल्यापासून."

"अरे, मागच्या वेळी मी विचारलं होतं ना तुला, काही घेतोस का म्हणून?"

"तुम्ही औषध विचारलं. हे औषध नाही." तो गोंधळून गेला होता. "मग खाणं विचारलंत. पण हे खाणं पण नाही."

डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे टेकल्या. "खरंय. प्रश्नच अपुरा होता माझा," त्या म्हणाल्या. मग हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "पण इतका कशासाठी रे?"

"माझा आवाज खराब झालाय. चिरकतो. हा खाल्ला की जरा..." आणि नेमका तिथेच आवाज चिरकला. तो रडायला लागला. रडणंसुद्धा अर्धं जाड, अर्धं बारीक येत होतं. या वेळी कुणी हसलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी मग जे सांगितलं ते मी जमेल तसं सांगते. थोडा ज्येष्ठमध कधीमधी घेतला तर बहुतेकांना काही होत नाही. पण दिवसभर, आठवडेच्या आठवडे चघळत राहिलं तर त्यातलं एक द्रव्य शरीराला फसवतं. शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. मग पाय सुजतात, अंगातली ताकद जाते आणि रक्ताचा दाब चढतो. हॉस्पिटलात दोन-चार दिवस राहावं लागेल, कारण पोटॅशियम इतकं उतरणं हृदयाला धोक्याचं असतं. पण कारण हेच असेल तर ज्येष्ठमध बंद केल्यावर सगळं हळूहळू जागेवर येईल.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" आई म्हणाली, आणि हसावं की रडावं हे न कळून तिनं दोन्ही केलं.

आजोबा मात्र संतापले. "काहीतरीच काय! मी जन्मभर खातोय. मला काय झालंय?"

"तुम्हाला बीपी आहे असं ऐकलं," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "गोळ्या किती वेळा वाढवल्या?"

आजोबा बोटांवर मोजायला लागले आणि तिसऱ्या बोटाशी थांबले. पियानोवरची बरणी सगळ्यांनाच आठवली असावी. वारसा रक्तातूनच येतो असं आजोबा म्हणाले होते. तो बरणीतून आणि डबीतूनही येत असेल, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

हॉस्पिटलच्या बाकावर आजोबा आणि पिपाणी शेजारी शेजारी बसले होते. कागदपत्रं करायला बाबा आत गेले होते. मी त्या दोघांच्या मधे ठेवलेली होते.

"मी आवाज बिघडवला, आजोबा," पिपाणी म्हणाला.

"बिघडला नाही रे. तू मोठा होतोयस. तुझ्या वयाच्या मुलांचा आवाज फुटतोच. माझाही फुटला होता." आजोबा चष्मा काढून पुसत बसले. "पहिल्यांदा चिरकला ना, त्याच दिवशी मला कळलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"कार्यक्रमापर्यंत टिकेल असं वाटलं. ती जागा तू गावीस अशी फार इच्छा होती माझी." ते पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला लागले. "तुला कळत नव्हतं म्हणून तू घाबरलास. मला कळत होतं आणि मी गप्प बसलो."

पिपाणीनं डोकं त्यांच्या खांद्यावर ठेवलं. मी पत्र्याची असूनही मला त्या वेळी कसंतरीच झालं.

हॉस्पिटलात सलाइनमधून पोटॅशियम दिलं, काही दिवस बीपीची गोळीही दिली. हळूहळू आकडे खाली आले आणि गोळी बंद झाली. आजोबांचं बीपी अगदी गेलं नाही, पण पुष्कळ उतरलं, आणि बरणी पियानोवरून हलली. कार्यक्रमात ती जागा वर्गातल्या एका चिमुरडीनं गायली. पिपाणी पियानोपाशी उभा राहून आजोबांची पानं उलटत होता. त्याला वाईट वाटलं, हे मी नाकारत नाही. पण टाळ्या वाजवताना तो सगळ्यांच्या पुढे होता.

आणि मी? मला आईनं रिकामं केलं, गरम पाण्यानं घासलं आणि मोरीच्या कठड्यावर, जिथून पियानो सरळ दिसतो तिथे, उपडं घातलं. तिथे पडल्यापडल्या मी विचार करते. ज्या तुकड्यानं इतक्या जणांना बरं वाटलं, त्यानंच आपल्या मुलाला आजारी कसं पाडलं? तुकडा तर तोच होता, मीही तीच होते. आत्या म्हणाली, "अति तिथे माती." असेलही. पण ती मातीची रेघ कुठे सुरू होते, ते मला डबीला कसं कळावं?

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. डॉक्टरांनी काय खाता, काय घेता असं विचारलं तर खिसेसुद्धा उलटे करून दाखवा. चांगलं असतं म्हणून जे चघळता, पिता, हुंगता, तेही सांगा. मुलांना बीपी होत नाही असं समजून दंड मागे घेऊ नका. आणि आपल्या आवाजात, अंगात काही बदलायला लागलं तर एकट्यानं जिन्यात जाऊन इलाज करू नका. घरच्या कुणाला तरी विचारा. मोठ्यांनाही माझं सांगणं आहे, की माहीत असेल तर मुलांनी विचारायची वाट बघू नका.

इथे थांबणार होते, पण कालचं सांगायचं राहिलंच. काल दुपारी आजोबांनी पिपाणीला पियानोपाशी बोलावलं. तो म्हणाला, "नको, फुटतो." आजोबा म्हणाले, "फुटू दे." त्यांनी एक सूर दिला. चिरकला. त्याच्या खालचा दिला. तोही घसरला. आजोबा एकेक पट्टी डावीकडे सरकत गेले, आणखी खाली, आणखी खाली, आणि अचानक एका ठिकाणी तो सूर ठाम उभा राहिला. जाड, थोडा खरखरीत, पण जागचा हलेना. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. आजोबांनी मान हलवली आणि पिपाणी त्याच सुरावरून जुनं गाणं गायला लागला.

खाली शिवणयंत्र थांबलं.

"अण्णा, वर कोण आलंय?" आईनं हाक मारली. "गिऱ्हाईक चुकून वर आलं असेल तर खाली पाठवा."

"गिऱ्हाईक नाही गं," आजोबा ओरडले. "घरचाच माणूस आहे."

मशीन पुन्हा सुरू झालं नाही. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज आला.